लाठीमुळे आंदोलन मोठं होतं का?

1 सप्टेंबर 2023 ला अंतरवाली सराटीत लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाचं आंदोलन राज्यभर पसरलं. तेव्हापासून गावाकडच्या मित्रांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं: "पोलिसांनी हात उचलला नसता तर सगळं तिथंच थंडावलं असतं."

मी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये राहतो. इथल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याबद्दलही अनेकजण असंच बोलतात. मे 1963 मध्ये बुल कॉनर या अधिकाऱ्यानं निदर्शकांवर कुत्री सोडली, शाळकरी पोरांवर बंबाच्या पाण्याचे मारे केले. फोटो जगभर गेले आणि पुढच्या वर्षी नागरी हक्क कायदा झाला. म्हणजे वर्णभेद मोडला तो कॉनरच्या माजोरीनं, असा या मंडळींचा हिशोब.

मला तो मान्य नाही. शेजारच्या जॉर्जियात ऑल्बनी नावाचं शहर आहे. 1961-62 मध्ये तिथला पोलीसप्रमुख लॉरी प्रिचेट गांधींच्या मार्गाचा अभ्यास करून बसला होता. कॅमेऱ्यासमोर मारहाण करायची नाही, शेकडो लोकांना शांतपणे उचलायचं आणि आजूबाजूच्या गावांतल्या तुरुंगांत पांगवायचं. वर्तमानपत्रांनी त्याची पाठ थोपटली. मार्टिन ल्यूथर किंग जवळजवळ रिकाम्या हातांनी परतले, भेदभावाचे नियम जागच्या जागी राहिले. आणि कॅमेरा नव्हता तिथं काय चाललं होतं? जवळच्या कॅमिला गावच्या तुरुंगात कैद्यांसाठी जेवण घेऊन गेलेल्या गरोदर मॅरियन किंगला (मार्टिन ल्यूथर किंगची बायको नव्हे) पोलिसांनी मारलं. तिचं मूल गेलं.

बर्मिंगहॅमला यश आलं ते तिथल्या लोकांच्या तयारीमुळे. त्यांनी ईस्टरच्या तोंडावर दुकानांवर बहिष्कार घातला, मुलांनी तुरुंग भरून टाकले. व्यापाऱ्यांचा गल्ला आटला, म्हणून 10 मे रोजी समझोता जाहीर झाला. कॉनरनं जगाला चित्रं दिली, एवढंच. नुसत्या पोलिसी हिंसेनं न्याय मिळत असता, तर 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबारात 10 माणसं गेली, त्यानंतर दलितांच्या वाट्याला काय आलं?

म्हणूनच "यंदा पोलिसांनी छान संयमानं हाताळलं" असं कुणी फोनवर सांगितलं की मी विचारतो, आधीच नोटिसा कुणाकुणाला गेल्या, कोण कुठे स्थानबद्ध आहे, आणि मूळ मागणीवर सरकारनं काय उत्तर दिलं?