‘वाचलेले दहाच टक्के लक्षात राहते’ या संदेशाबाबत खुलासा

इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर भागांतील मराठी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक त्रिकोणी चित्र फिरत आहे. वाचलेले १० टक्के, ऐकलेले २० टक्के आणि दुसऱ्याला शिकवलेले ९० टक्के लक्षात राहते, असे त्यात अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या नावावर सांगितले आहे. हे आकडे डेल यांचे नाहीत. त्यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या ‘अनुभवांच्या शंकूत’ (शिकण्याचे अनुभव प्रत्यक्षापासून अमूर्तापर्यंत लावून दाखवणाऱ्या आकृतीत) एकही टक्केवारी नव्हती. ती इतरांनी चिकटवली. सगळे आकडे बरोबर दहाच्या पटीत यावेत, हेच खरे तर खटकायला हवे होते. मंडळाच्या परीक्षा तोंडावर असताना या चित्रावर विसंबून मुलांचे वाचन कमी करणे मला घातक वाटते, कारण जे नीट वाचून समजलेले नाही, ते दुसऱ्याला शिकवणार तरी कसे?

प्रयोगांतून दिसलेली गोष्ट वेगळी आहे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र, वाचून झाल्यावर उतारा समोर न ठेवता आठवून लिहिणाऱ्यांना अधिक आठवत होते. म्हणून प्रकाशसंश्लेषणाचा धडा वाचून झाला की पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर आकृतीसह आठवेल ते लिहावे, राहिलेले वेगळ्या शाईने भरावे आणि दोन-तीन दिवसांनी हेच पुन्हा करावे. पहिल्या खेपेस अर्धे पान कोरे राहिले, तरी पालकांनी मुलांना रागावू नये.