बोअर मोठा, म्हणून दारू जास्त?

नमस्कार. काडतुसात जास्त दारू भरू नका, असं मी सांगितल्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: रायफलीचा बोअर, म्हणजे नळीचं आतलं भोक, वाढला की गोळी लवकर पळते, तिच्यामागची जागा भराभर वाढते, दाब उतरतो, म्हणून मोठ्या बोअरला जास्त दारू चालते आणि मी उगाच भीती घालतोय. वर .३०८ काडतुसात किती दारू भरायची, त्याचा आकडाही मागितलात.

निम्मं बरोबर आहे. .२४३, .३०८ आणि .३५८ विंचेस्टर (आकडे इंचातले) ही तिन्ही काडतुसं एकाच केसची, म्हणजे दारू भरायच्या कवचाची, भावंडं; फरक मुख्यतः मानेचा, म्हणजे गोळी धरणाऱ्या तोंडाचा. .३५८ च्या बोअरचं क्षेत्रफळ .२४३ च्या दुपटीहून जास्त. गोळी एक सेंटिमीटर सरकली की मागे दुपटीहून जास्त जागा मोकळी होते. शिवाय तेवढ्याच दाबाला गोळीच्या मोठ्या बुडावर जास्त जोर मिळतो; वागळे इस्टेटमधला कुठलाही हायड्रॉलिक प्रेसवाला हे डोळे मिटून सांगेल. तेव्हा केस तीच, दारू तीच आणि गोळीचं वजनही तेच असेल, तर मोठ्या बोअरला जास्त दारू झेपते. मान्य.

पण वजन तेच ठेवतो कोण? .२४३ मध्ये १०० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) गोळी जड समजतात, .३५८ मध्ये २०० ग्रेनची नेहमीची. वजनाला क्षेत्रफळाने भागून बघा, दोन्हीकडे उत्तर जवळपास सारखं येतं. म्हणजे गोळी लवकर पळून दाब उतरवेल हा तुमच्या युक्तिवादातला अर्धा भाग गेलाच. उरते फक्त जागा. ती खरी आहे, पण तिचा फायदा घ्यायला दारूची जातही बदलावी लागते: .२४३ ला सावकाश जळणारी, .३५८ ला जलद. जात बदलली की आधीच्या ग्रेनच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

एक गोष्ट लोक नेहमी उलट सांगतात, म्हणून इथेच लिहितो. बोल्टवर, म्हणजे केसला मागून अडवणाऱ्या दांड्यावर, मागे येणारा जोर बोअरच्या मापावर नाही, केसच्या बुडावर ठरतो. बोअर मोठा केल्याने बोल्टचं ओझं हलकं होत नाही. आणि बाहेरून नळी तेवढीच जाड असेल, तर आतून पोखरल्यावर भिंत पातळच होणार.

आता मला खरी काळजी वाटते ती गोष्ट. तुम्ही नावावरचा आकडा बोअर म्हणून धरलात. .३०८ मध्ये तो गोळीचा, म्हणजे नळीच्या आत कोरलेल्या खाचांच्या तळापासून मोजलेला व्यास आहे; .३०३ ब्रिटिशमध्ये खाचांमधल्या उंचवट्यांवरून घेतलेला. त्या .३०३ ची गोळी ०.३११ इंचाच्या आसपास असते. नावं वाचून .३०८ मोठा वाटतो, मोजमापात .३०३ रुंद निघतो. जर्मनांच्या ८ मिमी माउझरचं तर विचारूच नका. १८८८ च्या रायफलीसाठी गोळी होती ०.३१८ इंच, १९०५ मधल्या नव्या काडतुसाची ०.३२३. फरक ०.००५ इंच, म्हणजे एक दशांश मिलिमीटरहून थोडा जास्त. तरी जाड गोळी जुन्या अरुंद नळीत कोंबली की दाब चढतो. त्याच धास्तीने अमेरिकेत या काडतुसाची दाबमर्यादा आजही सुमारे ३५,००० पीएसआय (चौरस इंचावर पौंड) ठेवली आहे. युरोपात ती ३,९०० बार, म्हणजे ५६,००० पीएसआयच्या वर. कागदावर मात्र जुन्या-नव्या दोन्ही काडतुसांच्या नावापुढे ‘८ मिमी’च.

नळी लांब असल्याने दाब निवळेल, हेही तुम्ही लिहिलंय. दाबाचा कळस गोळी काही सेंटिमीटर सरकते तेवढ्यातच येऊन जातो, पुढची नळी फक्त वेग वाढवते.

.३०८ चा आकडा मी देणार नाही. तो त्या दारूच्या उत्पादकाच्या छापील तक्त्यातून, त्याच वजनाच्या आणि त्याच बनावटीच्या गोळीसाठी घ्यायचा असतो, आणि सुरुवात कमाल मर्यादेच्या दहाएक टक्के खालून. शिवाय आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ चं कलम ५ आहे: परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा, मग तो ठाण्यातला गॅरेज असो की घणसोलीतला फ्लॅट.

गणितावर मात्र वाद घालायला मला आवडेल. केसची क्षमता पाण्याच्या ग्रेनमध्ये (म्हणजे तिच्यात मावणाऱ्या पाण्याचं वजन), गोळीचं वजन आणि खाचांचा मोजलेला व्यास, एवढं घालून तुमची आकडेमोड पाठवा. इथेच खाली छापतो.