व्हेटर्न लेकच्या मासेमारीबद्दल माझीच चूक दुरुस्त करतोय
मंडळी, स्वीडनच्या व्हेटर्न लेकमध्ये लायसन्सशिवाय वर्षभर कुठलाही मासा पकडा, असा जो मेसेज फिरतोय तो मूळचा माझाच आहे आणि अर्धाच बरोबर आहे. गळाने मासेमारी तिथे फुकट आहे, १९८५ पासून, पण ट्राउट आणि चार (char, ट्राउटच्याच जातकुळीतला थंड पाण्यातला मासा) हे दोन्ही मासे पकडणं १५ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर बंद, कारण शरद ऋतूत ते अंडी घालतात, चार तर दगडाळ उथळ जागी येतो. मी फक्त पहिली ओळ वाचून टाकलं, नंतर नियमांचं पूर्ण पान बघितलं. आणि ट्राउट किंवा चार ५० सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर सोडायचा. चार ओळखायचा कसा, तर पोटाकडच्या परांची पुढची कड पांढरीशुभ्र असते. जुना मेसेज डिलीट करा, पुढे पाठवू नका प्लीज.