‘पोपटपंची’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार.

चिकाटीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंय: “चिकाटीची पोपटपंची पुरे. जिंकलेल्यांच्याच गोष्टी सांगता, तेवढीच चिकाटी धरून बुडालेल्यांचं काय? शेवटी नशीब, पैसा आणि ओळखीच लागतात. घरबसल्या उपदेश करायला काय जातं?”

मतभेदाला माझी ना नाही. पण ‘पोपटपंची’ आणि ‘घरबसल्या उपदेश’ हे मुद्दे नव्हेत, हे हिणवणं झालं. समोरच्याची ओळखदेख नसताना त्याला उपदेशक ठरवून मोकळं व्हायचं, ही कुठली रीत? वडील आजारी पडले आणि माझं कॉलेज सुटलं. नोकरी सांभाळून, रात्री जागून मी बाहेरून परीक्षा दिल्या, नापास झालो, पुन्हा बसलो. बरोबरीचे तोवर कुठल्या कुठे गेले होते आणि “आता कशाला हवी ती पदवी?” हे घरच्यांकडूनही ऐकून घेत होतो. ती पदवी मी मिळवली. चिकाटीबद्दल मी ऐकीव लिहीत नाही, एवढं लक्षात घ्या.

नशिबाचा वाटा असतो, हे मान्य. लेखात त्यावर आणखी चार ओळी चालल्या असत्या. पण ‘शेवटी नशीब’ म्हणून तुम्ही विषयच मिटवता, ते मला मुळीच पटत नाही.

शास्त्रज्ञ कॅटलिन कारिको यांचं बघा. एमआरएनए, म्हणजे पेशीला प्रथिनं बनवायची सूचना देणारा रेणू, त्यापासून औषध करता येईल, या कल्पनेचा त्यांनी ध्यास घेतला होता. अनुदान मिळेना. १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर आणलं. तरी त्या तिथेच काम करत राहिल्या. पुढे काही वर्षांनी झेरॉक्स मशीनपाशी त्यांची त्याच विद्यापीठातले संशोधक ड्रू वाइसमन यांच्याशी गाठ पडली. हा निव्वळ योगायोग. तुम्ही याला खुशाल नशीब म्हणा. पण अपमान झाला त्याच वर्षी त्या निघून गेल्या असत्या, तर त्या मशीनपाशी वाइसमन यांना कोण भेटलं असतं? आणि भेट झाली म्हणून काम झालं, असंही नाही. बाहेरून दिलेल्या एमआरएनएमुळे दाह व्हायचा. त्यातला एक घटक बदलला की तो टाळता येतो, हे दाखवणारा त्यांचा शोधनिबंध आला २००५ मध्ये, आणि त्याचीही तेव्हा फारशी दखल कुणी घेतली नाही. याच कामावर उभी राहिलेली करोनावरची एमआरएनए लस आली २०२० मध्ये, दोघांना नोबेल मिळालं २०२३ मध्ये. त्या एका भेटीच्या आधी वर्षं आहेत, नंतरही वर्षं आहेत. ती सगळी नशिबाच्या खात्यावर कशी टाकता?

बुडालेल्यांबद्दल म्हणाल, तर चिकाटी धरली की यश मिळतंच, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लेख पुन्हा वाचा, नीट वाचा. पैसा आणि ओळखींवर मला इथे बोलायचं नाही, तो वेगळा विषय आहे.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पण पुन्हा लिहिणार असाल तर कारिकोंच्या त्या वर्षांबद्दल लिहा, माझ्याबद्दल नको.