देवगिरीला 'अजिंक्य' म्हणण्याआधी...

गेल्या रविवारी भाचीला घेऊन देवगिरीवर गेले होते. अंधारीच्या, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेच्या, तोंडाशी नेहमीची गर्दी. पंचवीस-तीस जण मोबाइलचे टॉर्च लावून आत घुसले, शिट्ट्या, आरडाओरडा, डोक्यावर वटवाघळांची फडफड. बाहेर पडल्यावर सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, "हा किल्ला कुणी जिंकूच शकलं नसेल." रील्सवरही हेच ऐकते. मला दर वेळी वाईट वाटतं. कारण देवगिरी पडला. एकदा नाही, कितीतरी वेळा. आणि तो कसा पडला हे सांगितल्याशिवाय त्याचं बांधकाम सांगणं म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणं.

बांधकाम तरी म्हणायचं कसं? बालेकिल्ल्याचा डोंगर बांधलेला नाही, तासलेला आहे. दीड-दोनशे फुटांचा कडा चहूबाजूंनी असा उभा छिनलाय की बोट अडकवायला खाच मिळत नाही. त्याच्या पायथ्याशी कातळातच खोदलेला खंदक. वेरूळ इथून जवळच आहे. तिथलं कैलास बघून मग इकडे आलात की वाटतं, दगड काढून टाकत टाकत घडवायची ही या मुलखाच्या हातातलीच विद्या. यादव राजा पाचव्या भिल्लमानं बाराव्या शतकाच्या अखेरीस इथं राजधानी केली, आणि पुढे येईल त्या सत्तेनं किल्ल्यात भर घातली. अंबरकोट, महाकोट, कालाकोट अशी एकात एक तटबंदी. दरवाजे एका रेषेत नाहीत, मुद्दाम वळणं दिलेली, म्हणजे हत्तीला धडक द्यायला धाव घेता येऊ नये. फळ्यांवर अणकुचीदार लोखंडी खिळे. खंदकावरचा जुना अरुंद पूल मधोमध खाली उतरतो. खंदकात पाणी वाढवलं की तो बुडायचा. त्याच्याही पुढे अंधारी. डोंगराच्या पोटातला वळणावळणाचा चढ, एक पायरी उंच, एक बुटकी, म्हणजे अनोळखी पाय अडखळलाच पाहिजे. वरच्या तोंडावर लोखंडी झाकण, त्यावर विस्तव पेटवला की आतला माणूस धुरानंच गुदमरणार. मला विचाराल तर भारतातल्या कुठल्याही किल्ल्यात संरक्षणाचा एवढा बारीक विचार झालेला नाही.

आणि तरीही १२९६.

अलाउद्दीन खलजी तेव्हा सुलतानही नव्हता, उत्तरेतल्या कडा नावाच्या प्रांताचा सुभेदार होता. काही हजार घोडेस्वार घेऊन तो अचानक येऊन थडकला. यादव राजा रामदेवरायाची मोठी फौज युवराजाबरोबर बाहेर गेलेली. राजा किल्ल्यात शिरला. जुन्या फारसी तवारिखांत असं लिहिलंय की कोकणातून आलेले व्यापारी घाबरून आपल्या गोण्या टाकून पळाले, आणि धान्य समजून त्या घाईघाईनं वर नेल्या गेल्या. वेढ्यात उघडल्या तर आत मीठ! तासलेला कडा जिथल्या तिथे उभा होता, आणि राजाला तह करावा लागला. तिथून नेलेल्या सोन्याच्या जोरावर अलाउद्दीननं त्याच वर्षी चुलत्याला मारून दिल्लीचं तख्त घेतलं.

ही गोष्ट मी पुलावर उभं राहून भाचीला सांगितली. ती नऊ वर्षांची आहे. तिनं लगेच विचारलं, "मावशी, पण वर नेताना कुणी एक तरी गोणी उघडून का नाही बघितली?"

मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी इथं आणून नाव दौलताबाद ठेवलं, हे शाळेत सगळेच शिकतो. पण १६२९ मध्ये जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव याच किल्ल्यात निजामशाही दरबारात दगाबाजीनं मारले गेले, हे किती जणांना आठवतं? त्यानंतर चारच वर्षांनी, १६३३ मध्ये, महाबतखानाचा मोगली वेढा पडला. सुरुंग लावून बाहेरचे तट फोडले. आत दाणागोटा संपत आला. बाहेरून आदिलशाही फौजेनं धान्य पोचवायचा प्रयत्न केला, तो फसला. शेवटी निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याचा मुलगा फत्तेखान यानं पैसे घेऊन किल्ला मोगलांच्या हवाली केला. ज्या किल्ल्यावर बापानं उभी हयात खर्च केली तो असा गेला. हे वाचताना माझ्या पोटात आजही कालवतं.

म्हणून माझं आग्रहाचं म्हणणं आहे, की मुलांना इथं नेलंत तर फक्त अंधारीत नेऊन घाबरवू नका. आत शिरल्यावर उजव्या-डाव्या हाताला बघत चला. हत्तीहौदापाशी थांबा, केवढा प्रचंड आहे तो बघू द्या. आसपासच्या डोंगरांतून खापरी नळांनी पाणी आत आणलं होतं, ते सांगा. पाण्याची एवढी काळजी घेणाऱ्या गडावर धान्याचं काय झालं, हे त्यांनाच विचारा. आणि भिंतीवर नाव कोरणारा कुणी दिसला तर तिथल्या तिथे टोका. रविवारी मी टोकलं. कॉलेजचा मुलगा होता, "सॉरी ताई" म्हणाला आणि दगड खाली ठेवला. त्या खांबावर त्याच्या नावाची पहिली दोन अक्षरं मात्र राहिलीच.