हाल्फेती भूकंपाने नव्हे, धरणाने बुडाले

तुर्कस्तानच्या शान्लिउर्फा प्रांतातील हाल्फेती तालुक्याविषयी एक मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरतो आहे. हे रोमन शहर भूकंपाने एका रात्रीत युफ्रेटिस नदीत गडप झाले, तिथल्या शापित मातीत जगातला एकमेव नैसर्गिक काळा गुलाब फुलतो आणि त्याचे बी आता घरपोच मिळते, असे त्यात म्हटले आहे. माझ्या आत्याने तो खरा मानून बियांचे पाकीट मागवले, म्हणून त्याचा समाचार घेणे भाग आहे.

भूकंपाची गोष्ट धादांत खोटी आहे आणि सर्वांत संतापजनकही. जुन्या हाल्फेतीचा मोठा भाग २००० साली बिरेजिक धरणाच्या जलाशयात गेला. आग्नेय अनातोलिया या तुर्की सरकारच्या सिंचन आणि वीज प्रकल्पात युफ्रेटिस आणि टायग्रिस यांच्या खोऱ्यांत २२ धरणे आखली गेली, त्यांपैकी हे एक. पाणी कुठवर चढणार हे आधीच ठरलेले होते. त्यानुसार नदीकाठची घरे आणि मळे सोडून लोकांना वर काराओत्लाक येथे वसवलेल्या नव्या गावात जावे लागले. या विस्थापितांना शापाचे बळी ठरवणे म्हणजे सरकारने घेतलेल्या निर्णयाची जबाबदारी नियतीच्या माथी मारणे होय. मजकुरासोबतच्या छायाचित्रात पाण्यातून डोकावणारा ‘रोमन मनोरा’ हा हाल्फेती तालुक्यातल्याच सावाशान गावच्या मशिदीचा मिनार आहे. खालची मशीद पाण्यात आहे, एवढेच. हा प्रदेश भूकंपप्रवण आहे हे मान्य; ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपाची झळ शान्लिउर्फालाही बसली, पण गाव बुडाले त्याला तोवर दोन तपे होत आली होती.

रोमन शहर आले ते शेजारच्या गाझिआन्तेप प्रांतातील झ्यूग्मा या प्राचीन रोमन शहराशी केलेल्या गल्लतीतून. ऑक्सफर्ड आर्किऑलॉजी या संस्थेने २००० च्या उन्हाळ्यात, जलाशय भरत असताना, तेथे बचाव उत्खनन केले आणि त्याचा अहवाल पुढे तीन खंडांत निघाला. इ. स. २५२-५३ च्या सुमारास इराणच्या सासानी घराण्याचा सम्राट पहिला शापूर याच्या स्वारीत झ्यूग्मा जळाले; त्याचा खालचा भाग बुडाला तो याच बिरेजिकच्या पाण्यात.

आता गुलाब. हाल्फेतीची कळी खरोखर काळपट दिसते, आणि हवामानाचा रंगावर परिणाम होतो हेही खरे: थंडीत पाकळ्यांतील अँथोसायनिन हे लाल-जांभळे रंगद्रव्य वाढते, उन्हाळ्यात फूल लालसर पडते. मात्र गुलाबात काळे रंगद्रव्य नसते. अगदी गडद पाकळी उन्हासमोर धरली तरी ती लालच दिसते. ‘ब्लॅक बकारा’सारखे तितकेच गडद वाण फ्रान्समध्येही तयार झाले आहेत, तेव्हा ‘एकमेव’ हा शब्दही टिकत नाही.

राहिले बी. गुलाबाचे वाण डोळा भरून (म्हणजे त्याचा कोंब दुसऱ्या रोपावर बसवून) किंवा छाट कलमाने वाढवतात, कारण बियांपासून आलेले रोप मूळ झाडासारखे फुलेलच असे नाही. म्हणजे पाकिटातले बी खरोखर हाल्फेतीच्या झाडाचे असले, तरी त्यातून तोच गुलाब उगवण्याची हमी कोणी देऊ शकत नाही. गडद गुलाब हवाच असेल, तर जवळच्या रोपवाटिकेत जाऊन फूल डोळ्यांनी पाहावे आणि डोळा भरलेले रोप आणावे.