गुरुत्वाकर्षण खोटं, तर भरतीची वेळ सांगा

‘गुरुत्वाकर्षण नाहीच’ असं छातीठोकपणे सांगणारा एक लांबलचक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. जड वस्तू घनतेमुळे खाली येतात, चंद्राचा समुद्राशी संबंध नाही, भरती वाऱ्याने आणि ‘पृथ्वीच्या श्वासाने’ येते. तेव्हा भरतीची कोष्टकं सोडा, डोळ्यांनी पाणी बघा आणि उतरा, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या कुणी पाठवला असता तर मी लक्षही दिलं नसतं. पण तो माझ्या मावसभावाने घरच्या ग्रुपवर टाकला, आणि अलिबागला त्याच्याकडे पाहुणे उतरतात. समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत कधी जायचं हे ते त्यालाच विचारतात.

घनतेचं आधी उरकतो. हलकं वर, जड खाली, हे दिसतं खरं. पण ‘खाली’ म्हणजे कुठे, हे घनता सांगू शकत नाही. तिला दिशाच नसते. पाण्यात बुडबुडा वर येतो कारण खालच्या पाण्याचा दाब जास्त असतो, आणि तो दाब वरच्या पाण्याच्या वजनाचा असतो. अंतराळस्थानकात वजन जाणवत नाही, तर तिथे बुडबुडा वर येतही नाही. १९७१ साली अपोलो १५च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं. तिथे हवा नाही, तरी दोन्ही खाली पडली आणि एकाच वेळी पोचली. शिशाच्या गोळ्यांमधली ओढ तर हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७९८ सालीच मोजून मांडली होती.

‘सूर्याची ओढ चंद्राच्या १८० पट, मग भरती चंद्राची कशी?’ या मजकुरातल्या प्रश्नात मात्र तथ्य आहे. आकडा जवळपास बरोबर आहे, हे नाइलाजाने का होईना, मान्य करायला हवं. शाळेत ‘चंद्र पाणी ओढतो’ एवढ्यावर धडा संपतो, म्हणून असे प्रश्न अनुत्तरित राहतात. भरती एकूण ओढीने येत नाही, ओढीतल्या फरकाने येते. चंद्राकडच्या बाजूला ओढ थोडी जास्त, पलीकडच्या बाजूला थोडी कमी. म्हणून पाणी दोन्हीकडे फुगतं आणि दिवसातून दोनदा भरती येते. ओढ अंतराच्या वर्गाने घटते, हा फरक घनाने घटतो. सूर्य चंद्राच्या सुमारे ३९० पट लांब, त्यामुळे त्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी उरतो. दोघे एका रेषेत आले की उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी; काटकोनात आले की भांग, म्हणजे लहान. विहिरीत भरती का येत नाही, याचंही उत्तर यातच आहे: दोन काठांत फरक पडण्याइतकं अंतरच नाही.

आता कोष्टकं. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी ती आगाऊ छापते. मुंबईत अपोलो बंदरावरच्या पाण्याच्या पातळीच्या नोंदी १८७८पासूनच्या आहेत. अशा नोंदी चंद्र-सूर्याच्या गतींशी जुळवून पुढच्या वर्षाच्या वेळा तास-मिनिटांसकट काढतात. वादळी वाऱ्याने पाणी चढतं, हे खरं. पण वारा पुढच्या वर्षीच्या तारखेला किती वाजता सुटेल हे कुणी छापून दाखवावं! आपल्या किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. अष्टमीला सहा, की सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. हिशेब ढोबळ आहे, पण तिथी म्हणजे चंद्रच, आणि भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे जाते तीही चंद्रामुळेच.

‘डोळ्यांनी बघा आणि उतरा’ हा सल्ला मात्र जीवावर बेतणारा आहे. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. सुकती, म्हणजे ओहोटी, संपल्यावर पहिल्या तासात एकूण चढणीचा जेमतेम बारावा भाग येतो. बघणाऱ्याला समुद्र थांबल्यासारखाच वाटतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी येतं. किल्ल्यात फोटो काढत बसलेल्या माणसाला मधली वाट कधी बुडाली हे कळतही नाही. त्यात पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास भरती, म्हणजे सुकती संध्याकाळी सहाला. उधाणामुळे पाणी लांब मागे गेलेलं असतं, वाट मोकळी दिसते, लोक खुशाल निघतात, आणि परतताना अंधारही पडतो आणि पाणीही तेवढ्याच जोराने येतं. त्या क्षणी डोळे काहीच सांगत नाहीत. कोष्टक सांगतं.

दादा, हा मजकूर ज्याने लिहिला त्याला येत्या अष्टमीच्या भरतीची वेळ त्या ‘श्वासा’वरून काढून पाठवायला सांग. तोवर ग्रुपवरून तो काढ. पाहुण्यांना कोष्टकातली सुकतीची वेळ लिहून दे, तिच्या तासभर आधी निघायला सांग आणि पाणी फिरायच्या आत किल्ल्याबाहेर पडायला सांग. पावसाळ्यात तर चालत पाठवूच नकोस.